लाल फिल्टर, करडा फिल्टर

चार क्लिपा आहेत, टीचर. दोन पुढे, दोन मागे.
मागची डावी कायम रुसलेली असते,
तिला स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने नुसतं डिवचायचं,
जोर लावायचा नाही.
मोडली तर पुढे जन्मभर झाकण सुतळीने बांधाल.

रोझालिन टीचरना स्वतः शिकायचंय.
"दर खेपेला तुझ्या दारात कशाला येऊ, शाबा?"
खरंच आहे. मग मी काय खाऊ,
हे मी विचारलं नाही.

उचला झाकण.
आत कागदच आहे, घड्या घड्यांचा,
पानं सुटी न होणाऱ्या वहीसारखा.
"केवढा लाल!"
मिनेर, टीचर. थोडी रस्त्याची माती,
आणि हा पंख, कसल्या किड्याचा ते देव जाणे.
बल्बसमोर धरा. उजेड दिसतो पलीकडे?
नाही ना?
गाडी चढाला कण्हते म्हणत होता, पेट्रोल पिते म्हणत होता,
ते हे.

थोडा मळला असेल तर उंबऱ्यावर हलके आपटायचा,
हवा मारायची ती आतून बाहेर,
बाहेरून आत मारलीत तर धूळ आणखी खोल बसते.
धुवायचा कधीच नाही. कागद आहे, परकर नव्हे.
पुस्तकात दहा हजार किलोमीटर लिहिलंय,
ते पुस्तक लिहिणारा कुडचड्याला आलेला नाही.
आपल्या रस्त्याला पाच हजार.

नळीच्या तोंडावर आधी फडकं कोंबा,
मग ओल्या चिंधीने डबा पुसा.
कोपरेसुद्धा.

त्या पुसत होत्या आणि बघत होत्या भिंतीकडे.
तिथे खिळ्यांना माझे जुने फिल्टर,
प्रत्येकावर तारीख. का ठेवतो, मलाही ठाऊक नाही.
एक टाकायचा राहिला, मग दुसरा राहिला.
वह्या तपासाव्या तशी त्यांनी ओळ तपासली,
लाल, लाल, विटकरी, लाल,
आणि एकावर बोट ठेवलं: "हा करडा कुणाचा?"

बंदीचा, टीचर.
खण बंद, ट्रक बंद, बार्जी धक्क्याला बांधलेल्या.
त्या साली समोरचा फणस मला प्रथमच हिरवा दिसला.
बायको वाळत घातलेले कपडे न झटकता घडी घालायची.
हा फिल्टर उंबऱ्यावर आपटला तर काही पडलं नाही.
गल्ल्यातही काही पडत नव्हतं.
सोयरू वेळीपाचे दोन ट्रक चिंचेखाली उभे राहिले,
एकाच्या फिल्टरच्या डब्यात उंदरीण व्याली,
गवत, भुशी, हप्त्याच्या नोटिशीचे तुकडे,
त्यावर चार गुलाबी पोरं.
बॅटरी विकायला आला होता तो.
मी डबा उघडला, तर म्हणाला, असू दे, मेस्त.
कोण तरी राहतंय ना त्यात.

टीचरनी चिंधी पिळली. लाल पाणी गेलं गटारात.
"त्या वर्षी माझ्या वर्गात
खोकला कमी होता," म्हणाल्या.
मग थोड्या वेळाने,
"आणि डबेही."

पुढे दोघंही बोललो नाही.
नवा फिल्टर पिशवीतून काढला, पांढरा,
रबराची कड सगळीकडून बसली का, बोट फिरवून पाहिलं त्यांनी,
फडकं काढायची आठवण मी केली.
क्लिपा लागल्या. डावीसुद्धा, पहिल्याच दमात.
माझ्याने ती कधी लागत नाही.

किल्ली फिरवली. इंजीन घसा मोकळा झाल्यागत बोललं,
इतकंच. मोठं काही झालं नाही.
रिवणच्या बाजूने ताडपत्री न बांधलेला एक ट्रक आला,
आम्ही दोघांनी एकदम तोंड फिरवलं,
आणि गेल्यावर मी मोजलं, सकाळपासून अकरावा.
वाईट वाटलं की बरं, ते नक्की करता आलं नाही.

जुन्यावर तारीख त्याच घालणार म्हणाल्या.
पर्समधलं पेन काढलं, तपासणीचं,
दोनदा गिरवलं. लाल शाई
लाल धुळीवर उठेचना.
शेवटी मी टायरवर खुणा करायचा खडू दिला.